घाटातला जाम फक्त टोलनाक्यामुळे होतो हा मेसेज चुकीचा आहे

"खालापूरचा टोलनाका उठवा, पुणे एक्सप्रेसवेवरचा घाटातला जाम लगेच संपेल" असा मेसेज परत फिरतोय. नाक्यावर रांग लागते हे खरंय, पण मी नेहमी याच रस्त्याने गाडी चालवतो आणि नाका सुटल्यावरही शनिवारी सकाळी घाटात गाड्या तशाच खोळंबलेल्या असतात, कारण अडोशी बोगद्यापासून खंडाळा एक्झिटपर्यंत जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात, म्हणजे 6 लेनचा एक्सप्रेसवे आणि 4 लेनचा जुना हायवे, दोन्हीचं ट्रॅफिक 6 लेनमध्ये. त्यात चढाला लोडेड ट्रक मधल्या लेनमध्ये आला की मागे सगळंच तुंबतं. एमएसआरडीसीने (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंक, म्हणजे हा घाट टाळणारा नवा रस्ता, हाती घेतली ती याचसाठी. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर आला तर हे सांगा.