परदेशी पैसा स्वस्त, म्हणून गरिबाचं कर्ज स्वस्त?

'जागतिकीकरणामुळे मायक्रोफायनान्स (गरिबांना लहान कर्जं देणाऱ्या) संस्थांना परदेशी भांडवल मिळालं, गरिबांचं कर्ज स्वस्त झालं, आणि परतफेड 95 टक्क्यांवर असल्याने कर्जदारही सुखात आहेत,' असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. भांडवल आलं हे खरं. बाकीचं टिकत नाही.

'पैसा स्वस्त आला.' संस्थेने डॉलरमध्ये 8 टक्क्यांनी कर्ज घेतलं आणि वर्षभरात डॉलर 20 टक्क्यांनी महागला, तर स्थानिक चलनातल्या 100 च्या बदल्यात 129.60 फेडावे लागतात. स्वस्त वाटलेला पैसा 29.6 टक्क्यांना पडला! ही जोखीम उचलण्यासाठी 2007 मध्ये टीसीएक्स हा निधी उभा राहिला, पण त्या संरक्षणाचेही पैसे मोजावे लागतात. शिवाय भांडवल हा खर्चाचा एकच भाग. गटाच्या बैठका, वसुलीच्या फेऱ्या, नोंदी यांचा खर्च कर्ज लहान असलं म्हणून फारसा कमी होत नाही.

'संस्था शेअर बाजारात उतरल्याने दर उतरतात.' मेक्सिकोतल्या कंपार्तामोस या मायक्रोफायनान्स बँकेचे शेअर 2007 मध्ये बाजारात आले. विकले गेले ते जुन्या भागधारकांचे. कर्जवाटपासाठी त्यातून नवा पैसा आला नाही. तेव्हा तिच्या कर्जदारांना पडणारा वार्षिक दर 80 टक्क्यांहून अधिक होता.

'परतफेड उत्तम, म्हणजे सगळं ठीक.' सर्वांत घातक गैरसमज हाच. 100 च्या कर्जवाटपात 10 थकलेले असतील तर थकबाकी 10 टक्के. आणखी 100 वाटले की तीच 5 टक्के दिसते, कारण नव्या कर्जांना थकायला अजून वेळच मिळालेला नसतो. त्यात एका संस्थेचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जातो आणि दोघींच्या वह्या स्वच्छ दिसतात. बाहेरचा पैसा लवकर वाटून संपवायची घाई असली की ही साखळी लांबते, आणि कुणी एकाने कर्ज थांबवलं की तुटते. बोस्निया, मोरोक्को, निकाराग्वा आणि पाकिस्तान इथे 2008 च्या आसपास वेगवान वाढीनंतरच वसुली कोसळली. कारणं सगळीकडे तंतोतंत सारखी नव्हती, पण आधीची घाई सारखी होती.

'कर्जाने गरिबी हटते.' बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा यादृच्छिक प्रयोग (कर्जाची सोय कुणाला मिळणार हे चिठ्ठीने ठरवून केलेली तुलना) 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी धंद्यातली गुंतवणूक वाढली; सरासरी उत्पन्नात मोठी उडी कुठेच दिसली नाही.

आता 'स्वस्त' कसं तपासायचं ते. 12,000 चं कर्ज, '20 टक्के' सपाट व्याज, 1,200 चे 12 मासिक हप्ते. मुद्दल दर महिन्याला घटतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं. म्हणून घटत्या शिल्लकीवर हा दर वर्षाला सुमारे 35 टक्के होतो. सुरुवातीलाच प्रक्रिया शुल्क किंवा सक्तीची बचत कापली, तर त्याहूनही जास्त. त्यामुळे जाहिरातीतला दर बाजूला ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा: हातात नेमके किती पडणार, हप्ता किती, हप्ते किती.