नॅनोकण बारीक, दावा मात्र जाडजूड

सध्या एक दावा जोरात फिरतोय. धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरा, कण जितका बारीक तितकं काम जलद. कुठलाही हायड्रोकार्बन (मिथेनसारखं फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग) साध्या तापमानाला जळून जाईल, आणि कण हा उत्प्रेरक, म्हणजे क्रिया जलद करून स्वतः न खर्चणारा पदार्थ, असल्यामुळे तो संपायचा प्रश्नच नाही.

'बारीक तितकं चांगलं' हे अर्धं खरं आहे. क्रिया कणाच्या पृष्ठभागावर होते. कोबाल्ट ऑक्साइडचा कण एक मायक्रॉनचा (म्हणजे हजार नॅनोमीटरचा) असेल तर ग्रॅममागे पृष्ठभाग मिळतो जेमतेम १ चौरस मीटर. १० नॅनोमीटरचा केला की १०० च्या घरात. पण जाळायला लागणारा ऑक्सिजन इथे बऱ्याचदा हवेतून थेट येतच नाही. तो ऑक्साइडच्या स्फटिकातून निघतो, मागे रिकामी जागा राहते आणि हवेतला ऑक्सिजन ती भरून काढतो. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन या संशोधकांनी १९५४ मध्ये हेच मांडलं. तेव्हा खरा प्रश्न असा, की स्फटिकातला ऑक्सिजन किती सहज सुटतो? सिरियम ऑक्साइडच्या अष्टफलकी (आठ पृष्ठांच्या) कणांवर तो घट्ट बसलेला असतो, कांड्यांवर आणि घनांवर त्यामानाने सैल. मालमसाला तोच, फरक स्फटिकाचा कुठला पैलू उघडा आहे याचा.

साध्या तापमानाची गोष्ट बहुधा २००९ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधावरून पसरली असावी. कोबाल्ट ऑक्साइडच्या नॅनोकांड्यांनी उणे ७७ अंश सेल्सिअसला ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी संयोग) केलं, हे खरंच. पण कार्बन मोनॉक्साइडचं! तो हायड्रोकार्बन नव्हे. मिथेनमधला पहिला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. ऑक्साइडवर मिथेन पूर्ण जाळायचा तर सहसा काही शे अंश तापमान हवंच.

बरं, सगळं जाळून टाकणं हाच हेतू असतो असंही नाही. धुरातली घाण काढायची तर ठीक. ब्युटेन या हायड्रोकार्बनपासून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड हे रसायन बनवताना मात्र क्रिया मधेच थांबायला हवी. म्हणून तिथे व्हॅनेडियम-फॉस्फरस ऑक्साइड वापरतात. ऑक्सिजन उधळणारा अतिसक्रिय नॅनोकण त्या भट्टीत घातला तर माल जाऊन हाती कार्बन डायऑक्साइड येईल. या मुद्द्याचा त्या दाव्यात मागमूसही नाही.

'संपत नाही' हे तर कागदावरचं. तापमान चढलं की बारीक कण एकमेकांना चिकटून जाड होतात, म्हणजे ज्या पृष्ठभागाचं एवढं कौतुक तोच आधी जातो. गंधक आला की ऑक्साइडचं सल्फेट होतं. ओलाव्यानेही पृष्ठभागावरच्या क्रियेच्या जागा अडतात. ओलावा आणि गंधक पॅलेडियम या मौल्यवान धातूच्या उत्प्रेरकालाही छळतात, तरी कमी तापमानाला मिथेन जाळायचा तर अजून त्याचंच नाव आधी घेतलं जातं.