ताशी शून्य किलोमीटर

स्पोर्ट्स कार घेणाऱ्या माणसाला खरं तर गाडी नको असते, काटा हवा असतो. माणसं दोनच बसणार, सामान म्हणजे एक पिशवी, गतिरोधक दिसला की पोटात गोळा; हे सगळं तो सोसतो ते समोरच्या गोल तबकडीसाठी. माझ्या तबकडीवर २८० पर्यंत आकडे आहेत. शंभराच्या पुढचे मी गाडी पुसताना बघतो.

हा काटा एकदा चालत्या गाडीत शून्यावर जाऊन बसला. इंजिन गुरगुरतंय, त्याचे मिनिटाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा नाचतोय, झाडं मागे पळताहेत आणि गाडीच्या मते आम्ही जागच्या जागी उभे. एकूण किलोमीटर मोजणारा ओडोमीटर थांबला. वेग आपोआप कायम राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलने असहकार पुकारला.

सुरुवातीला मला यात फायदाच दिसला. गाडीचं वय वाढायचं थांबलं होतं. शिवाय बायको ‘हळू चालव’ म्हणाली की मी काट्याकडे बोट दाखवायचो. याहून हळू कसं चालवणार?

पण वेगमर्यादेची पाटी आली की घाम फुटायचा. तिसरा गिअर, तीन हजार आरपीएम, म्हणजे... हिशेब पुरा होईपर्यंत पाटी मागे पडलेली. मग मोबाइलवर जीपीएसचा वेग लावला, तर तो नेहमीच्या अंदाजापेक्षा कमीच निघाला. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ सांगतो, की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त मात्र दाखवला तर चालतो, खऱ्या वेगाचा एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं जे शंभर मी चारचौघांत मिरवत होतो, ते नव्वदीतलंच काहीतरी असणार. हे घरात कुणाला सांगितलं नाही.

गाडी महाग असली की तिचा आजारही महागच असावा अशी लोकांची अपेक्षा असते. एका गॅरेजमध्ये अख्खं क्लस्टर, म्हणजे समोरच्या सगळ्या तबकड्यांचा संच, बदलायला सांगितलं. मेहुणा म्हणाला, “दाजी, ईसीयू गेला.” ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक; पण घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. गिअरबॉक्सला एका बोल्टवर अडकलेल्या, वेग मोजणाऱ्या अंगठ्याएवढ्या सेन्सरचं नाव कुणीच घेईना. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, तर कोड आला पी०५००: वेगाचा सिग्नल बिघडलाय. पण कोड तक्रार नोंदवतो, आरोपी पकडून देत नाही. तार, कनेक्टर, सेन्सर, सगळेच संशयित.

पूर्वीचं बरं होतं. ओट्टो शुल्झेने १९०२ साली पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरमध्ये केबल फिरायची, केबलने लोहचुंबक फिरायचं आणि त्याच्या ओढीने काटा सरकायचा. केबल तुटली की तुटलेली दिसायची. आताचा सेन्सर एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो: चक्राचा दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि सिग्नलच्या तारेवर एक ठोका पडतो. तो मेला तरी चेहरा तसाच, शांत.

गाडी इतकी बसकी, की जॅकही खाली जाईना. आधी चाकं फळ्यांवर चढवली, मग जॅक, मग स्टँड, मग मी. सेन्सरला तीन तारा. इग्निशन चालू केल्यावर एकीवर १२ व्होल्ट मिळाले, दुसरीची अर्थिंग ठीक. उरली सिग्नलची. चाक फिरवलं की तिथले व्होल्ट वर-खाली व्हायला हवेत. गंमत अशी, की दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये मागची दोन्ही चाकं अधांतरी असली, की डावं पुढे फिरवल्यावर उजवं आपसूक उलटं फिरतं आणि ज्या चक्राचे दात सेन्सरने मोजायचे ते जागचं हलतच नाही. धडधाकट सेन्सरही तेव्हा गप्प बसतो. म्हणून उजवं चाक धरून ठेवायला मेहुण्याला बोलावलं.

“धरून काय करू?”

“काही नाही. नुसतं धर.”

हे काम त्याने फार उत्तम केलं.

डावं चाक फिरवत राहिलो. मीटर एकाच आकड्यावर ढिम्म. आरोपी सापडला.

दुरुस्तीच्या पुस्तकात ‘एक बोल्ट काढा, सेन्सर बाहेर घ्या’ एवढंच एक वाक्य असतं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत गंज पडलेला नसावा. दहाचा पाना गोल फिरवायला जागा नाही. पावपाव आट्याने बोल्ट निघाला. कनेक्टरची क्लिप हात लागताच तुटली. ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, फुगून बसलेली, सेन्सर हलवून हलवून ढिला केला, तो सुटला आणि पाठोपाठ गिअर ऑइल माझ्या बाहीत शिरलं. त्याचा वास साबणाला दाद देत नाही. नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं, भोकात बसवला, बोल्ट बेताने आवळला. गिअरबॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा, जोर दाखवायची ती जागा नव्हे. सांडलं तेवढं तेल पुन्हा भरलं, कोड पुसला.

फेरी मारायला बायको शेजारी बसली. काटा शून्यावरून उठला, वीस, चाळीस, साठ. मी अभिमानाने तिच्याकडे पाहिलं. तिची नजर तबकडीवर खिळलेली.

“बासष्ट?” ती म्हणाली. “पाटीवर पन्नास लिहिलं होतं. आणि आजवर किती जात होतास रे?”