मिकी माऊस भाड्यानं आणताना आधी खुंटे मोजा

जून उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर उन्हाळी मेळाव्याची जुळवाजुळव सुरू होते. वडापाव कोण करणार, मैदान कुठलं, आणि मुलांसाठी बाउन्सी कासल, म्हणजे हवा भरून फुगवलेला उड्या मारायचा किल्ला, कुठून मागवायचं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये मे महिन्याच्या वाढदिवसांना हेच खेळणं ‘मिकी माऊस’ म्हणून येतं आणि संध्याकाळभर मुलं त्यावर उड्या मारतात. त्यावरून होणारे वादही दोन्हीकडे ठरलेले. गावाकडून ऐकू येतं, “तिकडे नियम असतात, तिकडे असलं काही होत नाही.” इथल्या आपल्या मंडळींचं म्हणणं उलटं असतं: “इथं सगळ्याचाच अतिरेक. आम्ही लहानपणी चिंचेच्या झाडावर चढायचो, काय झालं?”

पहिलं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यामागे खरं दुःख आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरचं होर्डिंग वादळात कोसळून १७ माणसं गेली. बाराच दिवसांनी राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, गेलेल्यांत मुलंही होती. त्या दिवसांत परदेशाचे दाखले खूप दिले गेले. पण मार्च २०१६ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समधल्या हार्लो गावच्या जत्रेत सात वर्षांची मुलगी आत असतानाच बाउन्सी कासल वाऱ्यानं उखडलं आणि उतारावरून गडगडत गेलं; मुलगी वाचली नाही. कासल पुरेसं बांधलं नव्हतं आणि वाऱ्यावर लक्ष ठेवलं नव्हतं, म्हणून २०१८ मध्ये चालवणाऱ्या दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या डेव्हनपोर्टच्या प्राथमिक शाळेत वर्षअखेरीच्या कार्यक्रमात सहा मुलं गेली. पुढच्याच महिन्यात स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या मिस्लाता इथं दोन मुली. या तिन्ही देशांत नियम होते. डेव्हनपोर्टच्या खटल्यात सरकार पक्षाचं म्हणणं होतं की आठपैकी चारच ठिकाणी खुंटे ठोकले होते. पण आलेली वावटळ कुणालाही आधी कळण्यासारखी नव्हती, असं म्हणत न्यायालयानं २०२५ मध्ये कासल चालवणारीला निर्दोष ठरवलं.

हार्लोच्या निकालानंतर तिथले तेव्हाचे खासदार रॉबर्ट हॅल्फन यांनी सार्वजनिक जागांवर बाउन्सी कासलना तात्पुरती बंदी घालावी अशी मागणी केली होती. बंदी आली नाही, आणि ती यावी असं मलाही वाटत नाही. मुलांनी धडपडावं, ढोपरं फोडून घ्यावीत. पण चिंचेच्या झाडाचा दाखला इथं लागू पडत नाही. झाडावर चढणाऱ्या मुलाला फांदी दिसते, ती वाकली की पायाला कळतं, आणि कुठं थांबायचं ते त्याचं तो ठरवतो. कासलमध्ये उड्या मारणाऱ्या मुलाला मागच्या कोपऱ्यातला सैल झालेला खुंटा दिसत नाही, वाऱ्याचा वेगही कळत नाही. तो धोका फक्त मोठ्यांना दिसू शकतो, म्हणून तो सांभाळणं मोठ्यांचंच काम.

वाऱ्याचं गणित एकदा नीट समजून घ्यावं. १२ बाय १५ फुटांच्या कासलचं वजन साधारण शंभर किलो भरतं. जमिनीवर ते सुमारे १७ चौरस मीटर पसरलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरला फक्त सहा किलो. त्याची लांब बाजू साडेचार मीटर, उंची तीनेक मीटर. ताशी ३८ किलोमीटरचा झोत या भिंतीवर आदळला की रेटा शंभर-सव्वाशे किलोंचा होतो, म्हणजे कासलच्या वजनाइतका किंवा जास्तच. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. इंग्लंडच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हनं बाहेरच्या वापरासाठी ताशी ३८ किलोमीटर, म्हणजे २४ मैल, ही झोताची कमाल मर्यादा सांगितली आहे. एखाद्या कासलच्या पाटीवर याहून कमी मर्यादा लिहिलेली असेल तर तीच पाळायची. मोबाइलवर हवामान बघताना बरेच जण सरासरी वेग बघतात आणि निर्धास्त होतात. बघायचा तो झोताचा आकडा. हातात धरायचा वारामापक स्वस्तात मिळतो. पार्टीच्या दिवशी कासलशेजारी उभं राहून दर अर्ध्या तासानं वारा मोजावा. तो नसेल तर झाडांकडे लक्ष ठेवा: पानांनी भरलेली लहान झाडं बुंध्यापासून डोलायला लागली की मर्यादा गाठली गेलेली असते.

आता खुंटे. बाहेर लावलेल्या कासलला किमान सहा ठिकाणी बांधणी हवी. पाटीवर आठ लिहिली असतील तर आठही. खुंटा लोखंडी, ३८० मिलिमीटर लांब, १६ मिलिमीटर जाड, आणि डोकं गोल, म्हणजे कुणी त्यावर पडलं तरी लागू नये. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या इथं कामाच्या नाहीत. खुंटा कासलपासून दूर झुकवून पूर्ण ठोकायचा, दोर जमिनीशी ३० ते ४५ अंशांत ताठ ठेवायचा. सगळ्यात जास्त चूक होते ती मागच्या बाजूला: कुंपण जवळ असतं, हातोडा फिरवायला जागा नसते, म्हणून मागचे दोन खुंटे राहून जातात. लावून देणारा माणूस निघून जाण्याआधी कासलभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक दोर हातानं ओढून बघा. पावसानं भिजलेल्या मऊ मातीत दुपारपर्यंत खुंटे सैल होतात, म्हणून मधेही एक फेरी हवी.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथं जास्त लक्ष द्यावं. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात, पोडियमवर खाली स्लॅब असतो. खुंटा ठोकायचा कुठं? मग दोर बाकाला, खांबाला, कधी उभ्या स्कूटरला बांधला जातो किंवा कोपऱ्यात वाळूची दोन पोती टाकली जातात. खुंट्याऐवजी वजन वापरायचं तर प्रत्येक बांधणीला १६३ किलो हवेत. पंचवीस किलोचं पोतं धरलं तर एका कोपऱ्याला सात पोती, सहा बांधण्यांना बेचाळीस. एवढी पोती कुणी आणत नाही. पण २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम गावोगावी मिळतो, आणि काठोकाठ भरला की त्यात दोनशे किलो पाणी असतं. बांधणीला एक याप्रमाणे सहा ड्रम, दोर ड्रमच्या खालच्या भागाला घट्ट आवळलेला, ड्रम घसरणार नाही अशा खरखरीत जागेवर. टँकरचं पाणी लागलं तर लागू द्या, नंतर ते झाडांना जाईल. गच्चीवर मात्र कासल कधीच लावू नये, कितीही ड्रम असले तरी. तिथं वारा जास्त आणि कठडा कमी.

आपल्याकडच्या उन्हाळी पार्टीची वेळही जोखमीची असते. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर येतो, आणि वाढदिवस ठेवलेला असतो पाच ते आठ. हवामान खात्याच्या वळवाच्या इशाऱ्यात ताशी ५०-६० किलोमीटरचे झोत असा उल्लेख बऱ्याचदा असतो. वरचं गणित लावलं तर साठच्या झोताला तोच रेटा अडीचशे-तीनशे किलोंवर जातो. पश्चिमेला आभाळ काळवंडलं, धूळ उठली, गार वारा सुटला, की पाऊस पडायची वाट न बघता मुलांना बाहेर काढावं आणि हवा सोडावी. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. ऊनही कमी असतं. दुपारी बाराच्या उन्हात गडद रंगाचं पीव्हीसी कापड तळव्यांना चटके देतं.

जागेचा हिशेब इंग्लंडमध्ये घरमालकांना चकवतो. मानकाप्रमाणे भिंतीच्या बाजूंना १.८ मीटर मोकळं हवं, आणि मुलं जिथून चढतात-उतरतात त्या उघड्या बाजूला ३.५ मीटर. म्हणजे १२ बाय १५ च्या कासलला जवळजवळ २४ बाय ३२ फूट जागा लागते. चाळीसारख्या ओळीनं बांधलेल्या घरांमागच्या बागा याहून कितीतरी अरुंद असतात. तिथं लहान कासल घ्या किंवा सरळ पार्कची जागा घ्या. जमिनीचा उतार पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. बाजूच्या फाटकाची रुंदीही आधी मोजून कळवा. शंभर किलोची गुंडाळी ट्रॉलीवरून आत यायची असते.

भाड्यानं घेताना इंग्लंडमध्ये काय विचारायचं? बाहेर भाड्यानं दिलेल्या कासलची जाणकार तपासनिसाकडून वर्षातून एकदा तपासणी व्हावीच लागते. बहुतेक ठिकाणी ती पिपा किंवा ॲडिप्स या योजनांखाली होते. पिपाच्या बिल्ल्यावर नंबर असतो. तो फोनवरच मागून घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर टाका. कुठलं कासल, कधी तपासलं, हे तिथं दिसतं. आलेलं कासल त्याच नंबरचं आहे का हेही बघा, कारण ऐनवेळी दुसरं आणलं जातं. पार्कसाठी काउन्सिल विम्याचा कागद मागतं, बऱ्याचदा ५० लाख पौंडांच्या सार्वजनिक दायित्वाचा. बीएस ईएन १४९६० या मानकाचा उल्लेख पाटीवर असावा, आणि किती मुलं एका वेळी, जास्तीत जास्त किती उंचीची, हेही. पुण्या-नाशकात असा बिल्ला मिळणार नाही. तिथं शिवणी बघा, दोर अडकवायच्या कड्यांजवळचं कापड फाटलं आहे का ते बघा, आणि सगळे खुंटे जमिनीवर मांडून दाखवायला सांगा. यातलं काहीही सरकारी परवान्यावर अडत नाही.

ब्लोअर हा दुसरा भाग. शिवणींमधून हवा सतत झिरपत असते, म्हणून पंखा शेवटपर्यंत चालू हवा. तो भिंतीपासून किमान १.२ मीटर आणि उघड्या बाजूपासून २.५ मीटर लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही असा. एक्स्टेन्शन रीळवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडायची. गुंडाळी तापते आणि सुरक्षा स्विच पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, इंग्लंडमध्ये गृहीत असतो, आपल्याकडे तो लावून घ्यावा लागतो, विशेषतः ओल्या हिरवळीवर. जनरेटर असेल तर मुलं आत असताना पेट्रोल भरू नये. कासल मऊ वाटलं तर आधी मागची चेन किंवा वेल्क्रोची झडप उघडी राहिली का ते पाहा, बहुतेकदा तेच असतं. वीज गेली तर कासल एकदम बसत नाही, थोडा वेळ मिळतो. दारापाशी उभ्या माणसानं मुलांना एकेक करून बाहेर काढायचं आणि दुसऱ्यानं दाराजवळची भिंत उचलून धरायची.

दारापाशी उभा राहणारा हा माणूस दोन्ही देशांत सहसा ठरलेलाच नसतो. इंग्लंडमध्ये कासल लावून देणारा निघून जातो आणि देखरेखीची जबाबदारी भाड्यानं घेणाऱ्याची होते. करारावर तसं लिहिलेलं असतं, फारसं कुणी वाचत नाही. २००५ मध्ये केंटमधल्या एका वाढदिवसाला पंधरा वर्षांच्या मुलानं कासलवर कोलांटी मारली, त्याची टाच अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसली आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. देखरेख करणारी आई त्या क्षणी शेजारच्या दुसऱ्या हवेच्या खेळाकडे बघत होती. २००८ मध्ये उच्च न्यायालयानं तिला जबाबदार धरलं, पण अपील न्यायालयानं त्याच वर्षी तो निकाल फिरवला: अखंड नजर ठेवण्याची अपेक्षा वाजवी नाही. कायदा म्हणून ते मला पटतं. पार्टीची आखणी करताना मात्र मी अखंड नजरच धरून चालेन. दोन खेळ असतील तर दोन माणसं, पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि पाळीवर असलेल्याच्या हातात फोन नको. पाच वर्षांची मुलं आणि बारा वर्षांची मुलं कधीही एकत्र सोडू नयेत; जड मूल खाली आपटलं की हलकं मूल उसळून भिंतीपलीकडे जातं. मामा-काकांनी फोटोसाठी आत शिरणं त्याच कारणानं बंद. कोलांट्या बंद.

आपल्या मेळाव्यांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. परकर-पोलकं, घागरा, नऊवारी घातलेल्या मुलींच्या कपड्यात दोन-चार सेफ्टी पिना हमखास असतात. पैंजण जाळीत अडकतात, काचेच्या बांगड्या फुटतात, गळ्यातली साखळी ओढली जाते. दारापाशी एक टोपली ठेवा आणि चपला, चष्मे, दागिने तिथंच उतरवून घ्या; निमंत्रणातच बदलायला पायजमा-टीशर्ट आणायला सांगितलं तर सगळ्यात उत्तम. फवारायचे रंगीत फेस आणि धागे लांब ठेवा, त्यांचे डाग पीव्हीसीतून जात नाहीत आणि भरपाई मागितली जाते.

भाव विचारायच्या आधी फोनवर तीन प्रश्न विचारा: किती खुंटे आणणार, फरशीवर लावायचं तर वजन किती आणि कशाचं, आणि वारा किती झाला की तुम्ही स्वतः कासल उतरवता. तिसऱ्या प्रश्नाला आकडा सांगणारा आणि तेव्हा पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल हे लिहून देणारा माणूस शंभर-दोनशे रुपयांनी किंवा दहा पौंडांनी महाग पडला तरी घ्या. “एवढ्या वाऱ्यानं काही होत नाही” म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका.