कपाळावरचा रकाना

यंदा आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका पीडीएफमध्ये आली. मामेभावानं ती घरच्या ग्रुपवर टाकली. शिक्षण, उंची, नोकरी, अपेक्षा, आणि त्याखाली एक नवा रकाना: सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. बहुतेकांनी तिथे ‘एए’ (म्हणजे दोष नाही) लिहिलंय, काहींनी जागा कोरी सोडलीय. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या एका मुलीनं मात्र सरळ ‘एएस’ लिहून टाकलंय, म्हणजे ती वाहक: दोष एकाच पालकाकडून आलेला, आजार नाही. पोरीचं धाडस बघून मला कौतुकही वाटलं आणि काळजीही. ग्रुपवर लगेच ठराव झाला की पुढच्या वर्षी हा रकाना सक्तीचा करायचा. मामेभावाचा युक्तिवाद एका ओळीचा होता: “छत्तीस गुण जुळवणारे जुळवतात, आपण रक्त जुळवू. सायंटिफिक आहे.”

त्याच्यावर हसायची माझी हिंमत नाही. त्याच्या घरात एसएसचा, म्हणजे दोन्हीकडून दोष आलेला आजारी मुलगा आहे. थंडी पडली की पोराची हाडं दुखायला लागतात, आणि रात्री-अपरात्री त्याला गाडीवर मधे बसवून दवाखान्यात न्यावं लागतं. हे दुसऱ्या कुणाच्या घरी नको, असं वाटणाऱ्या बापाला युजेनिक्सवर (कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवून वंश ‘सुधारायच्या’ कल्पनेवर) भाषण ऐकवणं हा शुद्ध आगाऊपणा झाला. शिवाय सरकारही तेच सांगतंय. २०२३ च्या जुलैत शहडोलला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, प्रत्येकाला कार्ड द्यायचं, आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. लग्नाआधी कार्ड जुळवा, हा प्रचार त्यातलाच.

गणित साधं आहे. आईबाप दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघांपैकी एक एए असेल तर शून्य. म्हणजे त्या नर्सिंगवाल्या मुलीनं एए मुलाशी लग्न केलं, तर तिच्या पोटी एकही आजारी मूल येणार नाही. पण पुस्तिका चाळणारी सासू इतका हिशोब करत नाही. ती ‘एएस’ बघते आणि पान उलटते. मुलगा एएस असेल तर तेच पान उलटलं जाईल का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारून बघावं.

मी इथे नॉर्थ कॅरोलायनात एका लॅबमध्ये काम करते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीचे पट्टे रोज डोळ्यांखालून जातात, त्यामुळे या देशानं हाच खेळ आधी कसा खेळला याची माहिती आपोआप होत गेली. १९६८ साली लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं एक लेख लिहिला. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे, हे १९४९ मध्ये दाखवणारा हाच माणूस. दोन नोबेल मिळालेला, त्यातलं एक शांततेचं. त्यानं सुचवलं की तरुण वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना बघताच प्रेमात पडायच्या आधी सावध होतील. मुलांच्या यातना टळाव्यात, एवढाच त्याचा हेतू. आमच्या मामेभावाचाही तोच आहे.

त्याच काळात नॉर्थ कॅरोलायनाचं युजेनिक्स बोर्ड नसबंदीचे अर्ज मंजूर करत होतं. अर्ज आणायला समाजकल्याणचे कर्मचारी होते. कारणं ठरलेली: मंदबुद्धी, फिट येणं, आणि पुढे पुढे तर नुसती गरिबी. १९७० च्या दशकात बोर्ड बंद होईपर्यंत सुमारे ७,६०० जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वर्षांत बहुतेक काळ्या बायकांवर. २०१३ मध्ये राज्यानं भरपाईसाठी एक कोटी डॉलर काढले. राजधानी रॅलेत भर शहरात त्याचा फलक आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तो सहसा कुणी दाखवत नाही.

पॉलिंगच्या गोंदणाचं पुढे काही झालं नाही, पण कपाळाशिवायही खूण करता येते. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं काळ्यांच्या वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली, कारण सरकार ढुंकून बघत नव्हतं. मग सरकारांना जाग आली आणि राज्याराज्यांत सक्तीचे कायदे झाले. न्यूयॉर्कनं तर विवाह परवान्यासाठी ही चाचणी लावली, ती वंश बघून. उपचार काही नव्हते, समुपदेशन नव्हतं. चांगल्या धडधाकट वाहकांचा विम्याचा हप्ता वाढला, आणि हवाई दलाच्या अकादमीनं १९८१ पर्यंत त्यांना दारातच अडवलं. १९७२ चा केंद्रीय कायदा तपासणी ऐच्छिक असावी म्हणाला, तोवर व्हायचा तो घोळ झाला होता.

गंमत म्हणजे तीच चाचणी पुढे वरदान ठरली. १९८६ मध्ये सिद्ध झालं की एसएस बाळांना लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. आता इथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर टिपतात, मग बाळ गोरं असो, काळं असो की आमच्यासारखं विदर्भातून आलेल्याचं. सायप्रसचं उदाहरणही मी ग्रुपवर टाकलं. तिथे थॅलेसेमिया, हाही आईबापांकडून येणारा रक्ताचाच आजार, घरोघरी. चर्चनं १९८० च्या दशकात लग्नाआधी दाखला मागायला सुरुवात केली, पण दाखल्यावर एवढंच असतं की तपासणी झाली आणि सल्ला मिळाला. निकाल पाद्रीला कळत नाही, सासूला तर नाहीच. वाहक जोडप्यांपैकी जवळजवळ सगळी तरीही लग्न करतात, गर्भाची तपासणी करून घेतात, आणि आजारी मुलं जन्मणं जवळपास थांबलंय. यावर ग्रुपवर एक अंगठा आला. मामेभावाचा नव्हता.

तर तपासणी करा, जरूर करा. पण ती साखरपुड्याच्या तोंडावर नको. कॉलेजात असताना करा, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात द्या. दोघांचं जुळत आलं की त्यांनी आपापसात बोलावं. पुस्तिकेत हजार लोकांपुढे कशाला? मला जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाचा पहिला उपचार मंजूर झाला, किंमत २२ लाख डॉलर. तो आपल्याला कधी परवडेल ते सोडा. पण मामेभावाच्या पोराला हायड्रॉक्सियुरिया लागतं, साधी जुनी गोळी, आणि तालुक्याला ती नसली की बाप नागपूरची बस धरतो. कार्ड मात्र घरपोच आलं.

आणि त्या कार्डावरचं उद्या आणखी कोण वाचणार? अमेरिकेत २००८ पासून आरोग्य विमा कंपनीला आणि मालकाला जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. जीवनविम्याला मात्र तो कायदा लागू नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जनुकीय आजार सरसकट विम्यातून वगळणं भेदभावाचं ठरवलं. एसएस रुग्णांना २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांत जागा मिळाली. पण नुसत्या एएसला नोकरीच्या मेडिकलमध्ये कुणी बाजूला काढलं, तर बोट ठेवायला स्वतंत्र कायदा नाही. सात कोटी कार्डं वाटायच्या आधीच तो करायला हवा होता.