वाटणीच्या वेळी धर्म कुठे जातो?

"इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसाहक्क दिला" असं आमच्या समाजातले पुरुष छाती फुगवून सांगतात. खोटं नाही ते. कुराणात मुलीचा वाटा ठरवून दिलाय, भावाच्या निम्मा. हिंदू मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत भावाच्या बरोबरीने हक्क मिळायला १९५६ साल उजाडलं. केरळातल्या सिरियन ख्रिश्चन मुलीला तर भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं! त्याच समाजातल्या मेरी रॉय सुप्रीम कोर्टात भांडल्या, तेव्हा १९८६ मध्ये ते सुटलं.

पण आमच्या बायकांच्या हातात काय पडलं?

१८४७ साली मुंबईत खोजा या मुसलमान समाजातल्या मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या इस्टेटीत वाटा मागितला. समोरची बाजू म्हणाली, आमच्यात मुलींना द्यायची रूढी नाही. न्यायमूर्ती पेरी यांनी रूढी उचलून धरली. तेव्हा कुणाला शरियत आठवली नाही. १९८५ मध्ये मात्र इंदूरच्या घटस्फोटित शाहबानोला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली, तेव्हा धर्म बुडाला म्हणून मोर्चे निघाले. बाईला द्यायचं टळतं ना, मग कधी रूढी पुढे करायची, कधी शरियत. माझा राग आहे तो यावर.

माझ्या फुफीने, म्हणजे आत्याने, हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी सोबत होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमच्या पुढे एक हिंदू कुटुंब होतं, तीन बहिणी आणि एक भाऊ. तिघींनी अंगठ्याचे ठसे दिले, फोटो काढले, भावाने बाहेर येऊन सगळ्यांना चहा पाजला. नंतर आमचा नंबर. फुफीला विचारलं, का सोडतेस गं? म्हणाली, "माहेर बंद होईल बेटा." त्या तिघींनाही हीच भीती असणार. सातबाऱ्यावर मग फक्त भावांची नावं उरतात, घर कुठल्याही धर्माचं असो.

आणि तो निम्मा वाटाही मला मान्य नाही. म्हणे पुरुषावर घर चालवायची जबाबदारी असते. आज माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांचे हप्ते बायका फेडतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मुसलमान मुलीलाही भावाइतकाच वाटा मिळतो. तिथे कुणाचा इस्लाम बुडालेला नाही. मला महाराष्ट्रातही तेवढाच हवा.