रिनोव्हेटेड म्हणजे नक्की काय केलंत?

अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. पुन्हा घर शोधा, पुन्हा ते ‘फुल्ली रिनोव्हेटेड’ ऐका. वाशीतली सिडकोची जुनी इमारत, आत पांढरीशुभ्र पुट्टी, पीओपीचं छत, मॉड्युलर किचन. मार्चमध्ये बघायला गेलं की डोळे दिपतात. जुलै उजाडतो तेव्हा भिंतीला पोपडे, छताला पिवळा डाग आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी! वरच्यांचं बाथरूम गळतंय हे मालकाला ठाऊक होतं. पाइप दुरुस्त करायचा सोडून त्याने खाली पीओपी ठोकलं, आणि त्याच पीओपीपायी भाडं वाढवलं. तिसरं घर आहे हे माझं, तिन्ही ठिकाणी हेच.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकलीय. तरी धावपळ आणि खर्च आमच्याच माथी!

वर दलालाचा पहिला प्रश्न, “नॉनव्हेज खाता का?” अहो, आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर उभं राहिलेलं शहर हे. स्टेशनजवळ केरळ हाऊस आहे. शेजारच्या मल्याळी काकू ओणमला पायसम पाठवतात, मी त्यांना पुरणपोळी देते. ही माणसं सोडून जाताना जीव तुटतो, आणि सोडायचं कशासाठी, तर एका न बदललेल्या पाइपसाठी.

यंदा घर भर पावसात बघणार. टोकन त्यानंतरच.